वॅट विचारण्याआधी कानाला विचारा

काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर घरी आणून मोठ्या आवाजात गाणी ऐकणारी हौशी मंडळी शिरूरला आहेत, तशी दौंडलाही आहेत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती वॅटचा घेऊ? आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण माझ्या मते अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांची जोडी जमवणे ही कानाच्या आरोग्याचीच बाब आहे, आणि वॅटचा प्रश्न त्यात दुसरा आहे.

पहिला प्रश्न स्पीकरचा. त्याच्या माहितीपत्रकात एक आकडा असतो : १ वॅट वीज दिली तर १ मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो. समजा, एक स्पीकर ८८ डेसिबलचा आहे आणि दुसरा ९६ चा. दुसऱ्याला ८ वॅट दिले की जेवढा आवाज निघतो, तेवढ्यासाठी पहिल्याला सुमारे ५० वॅट लागतात. कारण वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. पूर्वी सिनेमागृहांत थोड्या वॅटच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरला मोठे कर्णे जोडून सगळे प्रेक्षागृह भरत, ते याच हिशेबावर.

आता खरी मेख. तबल्याची थाप पडते त्या क्षणी सरासरीच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त शक्ती लागते. ८ वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरला ८८ चा स्पीकर जोडला, तर तो तिथे कमी पडतो. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर अशा वेळी कर्कश होतो आणि आपण आपोआप बटण मागे फिरवतो. व्हॉल्व्हचा मात्र हळूहळू, गोडव्याने फाटतो. ऐकणाऱ्याला फक्त आवाज भरल्यासारखा वाटतो, थाप दबलेली वाटते आणि तो बटण आणखी पुढे सरकवतो. कानाला सावध करणारी खूणच अशी बोथट होते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की घरासाठी अ‍ॅम्प्लिफायर लहान चालेल, पण स्पीकर जास्त डेसिबलचा असावा. थाप स्वच्छ ऐकू आली की सरासरी आवाज कमी ठेवूनही मन भरते.

कानाचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९० डेसिबलला ती उरते अवघी ४ तास. लहान खोलीत ८८ चे दोन स्पीकर एकेका वॅटवर चालले, तरी खुर्चीपाशी ८५ च्या आसपास आवाज असतो. आतल्या कानातील सूक्ष्म केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यावर औषध नाही.

रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्यांनी तर जास्त जपावे. कारखान्यात ८ तास ८५ डेसिबलचा गोंगाट सोसला, तर कानाचा त्या दिवसाचा वाटा तिथेच संपतो. यंत्राचा आवाज नकोसा असतो आणि गाण्याचा हवासा, पण केशपेशींना हा फरक कळत नाही. अशांनी कामावर कानात बोळे घालावेत आणि संध्याकाळी हळू आवाजात ऐकावे.

एवढे पाळा

स्पीकर ८ ओहमचा असेल तर तो अ‍ॅम्प्लिफायरच्या ८ ओहमच्या जोडणीलाच लावा. स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर चालवू नका; त्याचा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आत काहीशे व्होल्टचा दाब असतो आणि बंद केल्यावरही तो काही वेळ साठून राहतो. त्यामुळे झाकण जाणकार कारागिरानेच उघडावे. तापलेल्या व्हॉल्व्हपासून मुले आणि पडदे दूर ठेवा.

मोबाईलवर आवाज मोजणारे अ‍ॅप अंदाजासाठी पुरते. हात लांबवल्यावर पोहोचेल एवढ्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज जास्त आहे. ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजली किंवा दडे बसले, तर ती सूचना समजा. हे वारंवार झाले तर कानाच्या तज्ज्ञाकडून श्रवणचाचणी करून घ्या.

शेजारधर्मही विसरू नये. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. भिंतीला भिंत असलेल्या घरात खर्जाचा आवाज सहज पलीकडे जातो. तिथे कोणी आजारी असेल, कोणी परीक्षेचा अभ्यास करीत असेल.

गाणे ऐकण्याची हौस जरूर करावी. साठाव्या वर्षीही तानपुऱ्याची जवारी स्पष्ट ऐकू यावी असे वाटत असेल, तर बटण आजच थोडे मागे घ्या.