निरक्षर सरस्वतीचे ऋण

मातेला देवतास्थानी मानणारी आपली संस्कृती आहे. उत्सवप्रसंगी मातृशक्तीचा गौरव होतो, प्रतिमापूजन होते, ओजस्वी भाषणे होतात. परंतु ज्या मातेच्या मुखातून धर्म, नीती आणि काव्य यांचे संस्कार घराघरांत झिरपले, तिचे शब्द टिपून ठेवण्याची तसदी किती घरांनी घेतली? या प्रश्नाचा विचार करू लागले की खानदेशातील एका मातेचे स्मरण अपरिहार्य ठरते. ती माता म्हणजे बहिणाबाई चौधरी.

जळगावजवळील असोदे या गावी, १८८० मध्ये, नागपंचमीच्या दिवशी महाजनांच्या घरी बहिणाबाईंचा जन्म झाला. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरी यांच्याशी विवाह होऊन त्या सासरी आल्या. शाळेचे तोंड त्यांनी कधी पाहिले नाही. १९१० मध्ये, ऐन तिशीत, वैधव्य कोसळले. पदरात ओंकार, सोपानदेव आणि काशी ही तीन मुले होती. पुढे प्लेगच्या साथीने ओंकारला कायमचे अपंगत्व आले. एवढे आघात सोसूनही या माउलीच्या वाणीला कडवटपणाचा स्पर्श झाला नाही. शेतात राबताना, जात्यावर दळताना, चुलीपुढे बसताना त्या गात राहिल्या. त्यांचे गाणे आणि त्यांचे काम ही दोन नव्हतीच.

बहिणाबाईंची श्रद्धा ग्रंथांतून आलेली नव्हती. ती मातीतून उगवलेली होती. भुईत पडलेले बी उगवते, हाच त्यांना ईश्वराचा साक्षात्कार होता. आपल्या काव्याचे श्रेय त्यांनी स्वतःकडे घेतले नाही. सरस्वती ही आपली माय आहे आणि तीच आपल्याला बोल शिकवते, असे त्या मानत. मनाच्या चंचलतेसाठी त्यांना शेतात घुसणारे गुरू आठवले, तर चिमुकल्या पाखराच्या घरट्यात विधात्याचे कौशल्य दिसले. संतांनी जे तत्त्वज्ञान ओवी-अभंगांतून लोकांपर्यंत नेले, ते एका शेतकरी स्त्रीच्या अंतःकरणात किती खोल मुरले होते, याचा हा पुरावाच म्हटला पाहिजे.

ही श्रद्धा मात्र आंधळी नव्हती. पतिवियोगानंतर भविष्य सांगायला आलेल्या ज्योतिष्याला परत पाठवणारी बहिणाबाई त्यांच्या कवितेत भेटते. आपले दैव आपल्याला ठाऊक आहे, ते हातावरच्या रेषांत शोधायला नको, असे ती त्याला ठणकावते. लोभापायी माणुसकी विसरलेल्या माणसालाही ती खडे बोल सुनावते. देवावर निष्ठा आणि मनगटावर भरवसा, असा हा मनोज्ञ संगम आहे.

हिंदू स्त्री म्हणजे केवळ मूक, पिचलेली, विचारशून्य अबला, असे चित्र रंगवणाऱ्यांना बहिणाबाई हे समर्थ उत्तर आहे. तथापि केवळ उत्तर देऊन आपली सुटका होत नाही. इतकी प्रतिभावंत कन्या अक्षरांपासून वंचित राहिली, हा त्या काळच्या समाजाचा दोष होता. तो झाकून तिचा गौरव करणे म्हणजे तिच्याशीच प्रतारणा होय. स्वाभिमान आणि आत्मपरीक्षण हे परस्परांचे शत्रू नाहीत.

बहिणाबाईंचे काव्य आज आपल्या हाती आहे, ते एका पुत्राच्या जाणतेपणामुळे. शाळकरी सोपानदेवांनी पाठ्यपुस्तकातील सावित्री-सत्यवानाची कथा आईला वाचून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिने त्या कथेचे गाणे रचले होते. तेव्हापासून आईची गाणी वहीत उतरू लागली. सोपानदेव पुढे स्वतः कवी म्हणून नावारूपास आले. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंचे निधन झाले. त्यानंतर ती वही आचार्य अत्रे यांच्या दृष्टीस पडली. हे अस्सल सोने महाराष्ट्रापासून दडवून ठेवणे योग्य नव्हे, हे त्या रत्नपारख्याने तत्काळ ओळखले आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला या निरक्षर मातेचे नाव देण्यात आले. परंतु वहीत न उतरलेली कितीतरी गाणी हवेत विरून गेली, ती गेलीच.

येथेच विषय प्रत्येक घराचा होतो. साने गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या जमवून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केले. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉयटेव्हँ यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. राम, सीता, विठ्ठल, भाऊ, माहेर, पोटची लेकरे, सारा संसार त्यांत सामावलेला आहे. पिठाच्या गिरण्या आल्या, जाते अडगळीत गेले आणि त्याबरोबर ओवीचा आश्रयही गेला. यात कोणाचे आक्रमण नव्हते, कोणाचे कारस्थान नव्हते. स्त्रीच्या खांद्यावरचे कष्ट कमी झाले, हे इष्टच झाले. पण ओवी जपण्याची दुसरी सोय आपण केली नाही, ही उपेक्षा आपली स्वतःची आहे.

कुटुंब हे राष्ट्रजीवनाचे मूळ आहे, असे आपण मानतो. मग त्या मुळाची जोपासना कुटुंबातच व्हायला हवी. घरातील आजीला भोंडल्याची गाणी, मंगळागौरीचे खेळ, चातुर्मासातील कहाण्या, पाळणे, रांगोळीचे ठिपके हे सारे मुखोद्गत असते. घरातील प्रत्येकाच्या हाती आज भ्रमणध्वनी आहे आणि त्यात आवाज साठवता येतो. आठवड्यातून एक सायंकाळ नातवंडांनी आजीजवळ बसावे, तिला बोलते करावे, तिच्याच बोलीत, शब्दही न बदलता ते लिहून घ्यावे. तिची बोली अशुद्ध ठरवून सुधारू नये; बहिणाबाईंच्या खानदेशी वळणाच्या लेवा बोलीला सोपानदेवांनी पुस्तकी केले असते, तर तिचा प्राणच गेला असता.

मातेच्या निधनानंतर श्रद्धांजलीची सभा घेणे सोपे असते. ती हयात असताना तिचे ऐकणे, हीच खरी मातृपूजा होय. प्रत्येक घरात बहिणाबाई जन्मेल असे नाही; पण प्रत्येक घरात एक सोपानदेव निश्चित घडू शकतो.