वेल्डिंग यंत्राची खरी किंमत

ठाणे जिल्ह्यातील भातशेतीचा सर्व भार आवणीच्या दोन-तीन आठवड्यांवर असतो. राबातील रोप २१ ते २५ दिवसांचे झाले म्हणजे ते उपटून चिखलणी केलेल्या खाचरात गेले पाहिजे. रोपाचे वय वाढत गेल्यास फुटवे कमी येतात आणि ती तूट पुढे खत घालून भरून निघत नाही. पूर्वी या दिवसांत बैल बसला म्हणजे शेतकऱ्याच्या तोंडचे पाणी पळत असे. आता कल्याण, अंबरनाथ, मुरबाड, शहापूर व भिवंडी या तालुक्यांतील कित्येक खाचरांतून पॉवर टिलर फिरतो, आणि बैलाच्या जागी त्याचे लोखंडी चाक बसते. बांधाच्या दगडावर आपटून चाकाची एक पट्टी सुटली, तर दहा मिनिटांच्या सांधकामासाठी सबंध दिवस अडतो. ज्याच्या गावात वेल्डिंगचे यंत्र आहे व ते चालू स्थितीत आहे, त्याची आवणी पुढे सरकते. ज्याच्या गावातील यंत्र नेमके त्याच आठवड्यात जळाले आहे, त्याला चाक घेऊन कल्याणची वाट धरावी लागते.

यास्तव वेल्डिंग यंत्राचा टिकाऊपणा हा केवळ शहरातील कारखानदाराने विचार करावा असा विषय आहे, असे समजणे योग्य नव्हे. नांगराचा फाळ, ट्रॉलीचा साटा, मळणीयंत्राची जाळी, गोठ्याचे फाटक, विहिरीवरील पंपाची बैठक, या सर्वांचे आयुष्य अखेर त्या एका यंत्राशी बांधलेले आहे. असे असूनही शेतकरी बियाणे घेताना जितकी चौकशी करतो, तिच्या चौथ्या हिश्श्याइतकीही चौकशी वेल्डिंग यंत्र घेताना होत नाही. दुकानदार किंमत सांगतो, गिऱ्हाईक शंभर-दोनशे रुपये कमी करून घेते आणि व्यवहार संपतो.

या भागाचा लोखंडकामाशी संबंध जुना आहे. वेल्डिंगच्या रॉडचे उत्पादन करणारी अडवाणी-ओर्लिकॉन ही कंपनी १९५१ साली मुंबईत स्थापन झाली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाल्यावर त्याचे पहिले औद्योगिक क्षेत्र ठाण्यास वागळे इस्टेट येथे उभे राहिले, आणि १९६४ साली डोंबिवलीचे क्षेत्र आले. त्या पिढीतील कारखान्यांत जे यंत्र असे, ते ट्रान्सफॉर्मरच्या जातीचे. लोखंडी पत्र्यांचा गाभा, त्यावर तांब्याच्या तारेचे जाड वेटोळे, बाहेर पेटी व खाली चाके. वजन एवढे की दोन माणसांना उचलता उचलत नसे. पुढे वागळे इस्टेटमधील अनेक कारखाने बंद होऊन त्यांच्या जागी संगणक-व्यवसायाच्या इमारती आल्या. अशा बंद पडलेल्या कारखान्यांतील जुनी यंत्रे भंगाराच्या बाजारातून फिरत खेड्यापाड्यांतील दुकानांपर्यंत येतात. त्यांतील काही आजही चालतात, आणि त्यांच्याकडे बोट दाखवून जुने ते सोने म्हणणारे लोक सर्वत्र भेटतात.

त्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. ट्रान्सफॉर्मरच्या यंत्रात बिघडण्यासारखे फारसे काही नसते. वेटोळे जळाले तर ते पुन्हा गुंडाळून देणारा वाइंडिंगवाला कल्याण-डोंबिवलीच्या बाजारात मिळतो, आणि तांब्याची किंमत भंगारातही वसूल होते. परंतु हे यंत्र विजेचे मोठे खादाड आहे. १५० अँपिअर प्रवाह देताना ठिणगीवरील दाब २६ व्होल्टच्या सुमारास असतो, म्हणजे प्रत्यक्ष कामास लागणारी शक्ती चार किलोवॅटपेक्षा थोडी कमीच भरते. तेवढ्यासाठी हे यंत्र २३० व्होल्टच्या एका फेजवरून ४५ अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते. घरगुती जोडणीवर हे शक्य नाही. म्हणून ते दोन फेजवर चालवावे लागते, आणि चालविले की शेजारच्या घरातील दिवे मंद होतात. तेवढ्याच कामासाठी नवे इन्व्हर्टर यंत्र ३० अँपिअरच्या आसपास भागविते, एका हाताने उचलून बांधावर नेता येते व लहानशा जनरेटरवरही चालू शकते. ज्या पाड्यावर तीन फेजची वीज दिवसातून काही तासच असते, तेथे या गुणाचे मोल निराळे सांगावयास नको. तेव्हा इन्व्हर्टर म्हणजे खेळणे, असे म्हणून त्यास हिणविण्यात अर्थ नाही.

खरी अडचण दुसरीकडे आहे. बाजारात दोन इन्व्हर्टर यंत्रे शेजारी शेजारी ठेवलेली असतात, दोहोंच्या तोंडावर २०० हा आकडा असतो, आणि एकाची किंमत दुसऱ्याच्या निम्म्याहून कमी असते. हा आकडा अँपिअरचा असेलच असे नाही. कित्येकदा ते नुसते नमुन्याचे नाव असते. यंत्राची खरी ताकद मागील बाजूच्या पट्टीवर लहान अक्षरांत असते, आणि तेथे प्रवाहाच्या जोडीला एक टक्केवारी दिलेली असते. व्यापारी तिला ड्यूटी सायकल म्हणतात. दहा मिनिटांच्या काळात यंत्राने किती मिनिटे अखंड जळावे, हे ती टक्केवारी सांगते. ६० टक्के म्हणजे सहा मिनिटे काम व चार मिनिटे विश्रांती. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे हे मोजमाप सभोवतालचे तपमान ४० अंश धरून करावयाचे असते. पट्टीवर टक्केवारी नसेल, किंवा तपमान लिहिलेच असून ते २० अथवा २५ अंश असेल, तर मुरबाड-शहापूरकडील मे महिन्यात त्या यंत्राकडून काय अपेक्षा करावी हे गिऱ्हाइकाने समजून घ्यावे.

या टक्केवारीचा हिशेब शाळेतील गणिताने करता येतो. यंत्रातील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २०० अँपिअरवर २० टक्के चालणारे खरे यंत्र १० गेजच्या, म्हणजे ३.१५ मिलिमीटरच्या रॉडसाठी ११० अँपिअरवर आणले, तर ते सुमारे ६६ टक्के चालेल. गावच्या कामास एवढे पुष्कळ झाले. परंतु ज्याच्या तोंडावर २०० लिहिले आहे व ज्याची खरी ताकद २० टक्क्यांना १२० अँपिअर एवढीच आहे, ते त्याच ११० अँपिअरवर जेमतेम २४ टक्के चालेल. म्हणजे दर दहा मिनिटांत अडीच मिनिटेही नाही. अडाणी कारागीर त्यास दोष देत दामटीत राहतो, आतील रक्षक-दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो, आणि एके दिवशी कायमचा विझतो. विद्युत्‌रोधक आवरणाच्या बाबतीत तंत्रज्ञांचा एक जुना ठोकताळा आहे, तो असा की तपमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य सुमारे निम्मे होते. इन्व्हर्टरमधील विजेच्या कपॅसिटरांनाही तोच ठोकताळा लागू पडतो. स्वस्त यंत्र लवकर मरते, त्याचे कारण बहुधा एवढेच असते की ते रोज आपल्या ताकदीपलीकडे राबविले जाते.

दुकानातच याची परीक्षा घेता येईल. १० गेजचा एक अखंड रॉड जळण्यास साधारण मिनिटभर लागते. असे पाच रॉड मध्ये उसंत न देता जाळून दाखविण्यास सांगावे. जो दुकानदार दोन रॉडनंतर यंत्र बंद करू लागेल, त्याने आपला माल काय आहे हे स्वतःच सांगितले असे समजावे.

तांबे आणि ॲल्युमिनियम यांविषयी फार वाद घातला जातो. ॲल्युमिनियमची वहनशक्ती तांब्याच्या सुमारे ६१ टक्के आहे. तेव्हा ट्रान्सफॉर्मरचे वेटोळे ॲल्युमिनियमचे असेल तर तार त्या मानाने जाड हवी. ती तशी असल्यास केवळ धातूच्या नावावरून यंत्र नाकारणे बरोबर होणार नाही. मात्र ॲल्युमिनियमच्या जोडांवर गंज बसून ते तापतात, व गावातील कारागिराला तो जोड पुन्हा नीट करता येत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. होल्डरकडे जाणाऱ्या केबलच्या बाबतीत मात्र काटकसर नकोच. बारीक केबल स्वतः तापते, ठिणगी दुबळी करते, आणि कारागीर ती दुबळी ठिणगी सुधारण्यासाठी प्रवाह वाढवितो.

आता या प्रदेशाच्या हवेचा विचार केला पाहिजे. ठाणे जिल्ह्यात वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो व तो बहुतेक चार महिन्यांत पडतो. ठाण्याकडे खाडीची खारी हवा आहे, तर डोंबिवलीकडे लोखंडकामाच्या कारखान्यांच्या शेजारी रसायनांचे कारखाने आहेत. जाड वेटोळ्याला या सर्वांचा त्रास उशिरा होतो. इन्व्हर्टरच्या आतील कार्डावरील तांब्याच्या केसासारख्या रेषांना तो लवकर होतो. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीचे पाणी कल्याण, डोंबिवली व बदलापूर परिसरात शिरले, आणि २०१९ च्या जुलैतही बदलापूर-कल्याणकडे पूर आला. बुडालेले ट्रान्सफॉर्मरचे यंत्र धुऊन, दिव्याच्या उष्णतेवर कित्येक दिवस वाळवून व वर व्हार्निश देऊन पुन्हा उभे करता येते. कार्डात गाळ बसलेले इन्व्हर्टर मात्र क्वचितच उठते. नदीकाठच्या गावात यंत्र घ्यावयाचे असल्यास ते ठेवण्यासाठी माणसाच्या कमरेपेक्षा उंच फळी असावी, हा खर्च यंत्राच्या खर्चातच धरावा.

पुरापेक्षाही मोठा शत्रू रोजचा आहे व त्याच्याकडे कोणी पाहत नाही. तो म्हणजे ग्राइंडरची धूळ. इन्व्हर्टरचा पंखा बाहेरची हवा आत ओढतो. शेजारीच कोणी लोखंड घासत असेल तर ती हवा लोखंडाच्या कणांनी भरलेली असते. हे कण कार्डावर बसतात, पावसाळी दमटपणात ओले होतात आणि दोन रेषा जोडतात. यंत्र जळाले की दोष व्होल्टेजवर घातला जातो. ग्राइंडर यंत्राच्या पाठीमागे न चालविता दहा पावले दूर चालविला, आणि महिन्यातून एकदा वीज काढून कोरड्या हवेच्या झोताने आतली धूळ उडविली, तर कित्येक यंत्रांचे आयुष्य दुप्पट होईल, असे म्हणण्यास हरकत नाही. कार्डावर लाखेसारखा रक्षक थर दिलेला आहे किंवा नाही, हेही खरेदीच्या वेळी विचारावे.

व्होल्टेजचा दोष अगदीच खोटा मात्र नाही. दाब उतरला म्हणजे ट्रान्सफॉर्मरची ठिणगी मंदावते. इन्व्हर्टर तेवढीच शक्ती देत राहण्यासाठी अधिक प्रवाह ओढतो व आतून तापतो. चांगल्या यंत्रात एका मर्यादेखाली ते आपोआप बंद होण्याची सोय असते. स्वस्त यंत्रात पहिली काटछाट तेथेच झालेली असते.

आता किमतीकडे वळू. उदाहरणादाखल समजा, एक यंत्र ६,००० रुपयांना मिळते व दोन वर्षे चालते. दुसरे १५,००० रुपयांना मिळते व आठ वर्षे चालते. पहिल्याचा वार्षिक खर्च ३,००० रुपये पडतो, दुसऱ्याचा १,८७५. यात आवणीच्या आठवड्यात यंत्र बंद पडल्याने किती रोप म्हातारे झाले, त्याचा हिशेब धरलेला नाही. तथापि ज्या शेतकऱ्याला वर्षातून चार वेळा फाटकाचे बिजागर सांधावयाचे आहे, त्याने दुसरे यंत्र घेऊन पैसे अडकवू नयेत. त्याच्या कामाला पहिलेच पुरेसे आहे, आणि बेताने वापरल्यास ते दोन वर्षांपेक्षा कितीतरी अधिक टिकेल. जो गावचे काम पत्करतो, ट्रॉल्या बांधतो, त्याने मात्र पहिल्याच्या वाटेस जाऊ नये.

सर्वांत अधिक विचार केला पाहिजे तो सामुदायिक खरेदीचा. कृषी यांत्रिकीकरणाचे उपअभियान २०१४-१५ पासून सुरू झाले व त्यातून अवजारे बँकांची कल्पना रुजली. बँकेत टिलर असतो, मळणीयंत्र असते. ती मोडली तर दुरुस्तीचे साधन जवळ असावे, हा विचार मात्र मागे पडतो. प्रत्येक अवजारे बँकेने आपल्या साहित्यात एक चांगले वेल्डिंग यंत्र धरावे आणि ते चालविण्यास गावातील एखाद्या तरुणाला आयटीआयमधून शिकवून आणावे. शेतकरी गटांनी व ग्रामपंचायतींनी यंत्रासाठी दरपत्रके मागविताना सर्वांत कमी दर एवढीच कसोटी ठेवली, तर वर सांगितलेला खोटा २०० चा आकडाच दरवेळी जिंकेल. दरपत्रकात ४० अंश तपमानावरील टक्केवारी लेखी मागावी. सुटे कार्ड किती वर्षे मिळत राहील व ते तालुक्याच्या ठिकाणी बसवून देणारा कोण आहे, हेही लेखी मागावे. हमीचा काळ मोठा असून दुरुस्तीसाठी यंत्र परप्रांती पाठवावे लागत असेल, तर ती हमी आवणीच्या दिवसांत निरुपयोगी आहे. कल्याणच्या दुकानात त्याच दिवशी कार्ड बदलून मिळत असेल, तर थोडी कमी हमीही चालेल.

ओल्या चिखलात उभे राहून वेल्डिंग करू नये, हे येथे सांगून ठेवणे आवश्यक आहे. रिकाम्या होल्डरवर ६० ते ८० व्होल्टचा दाब असतो, आणि भिजलेल्या अंगाला तो घातक ठरू शकतो. चाक खाचरातून काढून कोरड्या फळीवर आणावे, रबरी तळाचे बूट घालावेत, आणि अर्थिंगची तार पाहूनच बटण दाबावे.

ज्यांच्याकडे यंत्र आधीच आहे त्यांनी मृग लागण्यापूर्वी ते एकदा उघडून पाहावे. पंखा मोकळा फिरतो का, केबलचे टोक काळे पडले आहे का, होल्डरची स्प्रिंग रॉड घट्ट धरते का, एवढे तपासावे. ओलसर रॉडचे पुडे उन्हात न टाकता कोरड्या, झाकणाच्या डब्यात भरून चुलीपासून हातभर अंतरावर ठेवावेत.