इरईची हिमनदी

चिंचोळी एमआयडीसीत एखाद्या शेडचा पाया खणू लागले की थोड्याशा मुरुमाखाली काळा पाषाण लागतो. हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. महाराष्ट्राच्या भूमीचा इतिहास जणू येथूनच सुरू होतो, अशी आपली समजूत. त्याआधीची बर्फाची कथा फार थोड्यांच्या कानी पडते, आणि ही उपेक्षा मला अक्षम्य वाटते.

ती वाचण्यासाठी या काळ्या पाषाणाची चादर जेथे संपते त्या पूर्व विदर्भात जावे लागते. चंद्रपूरजवळच्या इरई गावाच्या परिसरात भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील फ्रान्सिस फेडन यांना नदीपात्रात एक विलक्षण चुनखडक दिसला: घासून गुळगुळीत झालेला, अंगावर समांतर ओरखडे, आणि वर धोंडे व माती यांचा सरमिसळ थर. वाहते पाणी दगडगोटे आकाराप्रमाणे निवडून टाकते. हिमनदी अशी निवड करीत नाही. अजस्र धोंडा आणि बारीक गाळ ती एकत्रच सोडते. तिच्या तळाशी रुतलेले खडे खालचा खडक खरवडत जातात. फेडन यांनी १८७५ साली हा बर्फाचा पुरावा प्रसिद्ध केला. त्यापूर्वी, १८५६ मध्ये, ओडिशातील तालचीर येथील अशाच धोंड्यांवरून ब्लॅनफर्ड बंधूंनी बर्फाचे नाव घेतलेच होते. पण चांद्याच्या उन्हात बर्फ? (मे महिन्यात तेथे जाऊन आलेल्यांना हा प्रश्न अधिक पटेल.)

भूखंडे सरकतात हे मान्य झाले तेव्हा कोडे सुटले. आल्फ्रेड वेगेनर यांनी आपल्या सिद्धान्तासाठी भारत, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया येथील याच काळच्या हिमखुणा साक्षीला काढल्या. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी आपली भूमी अंटार्क्टिकाला जोडलेली, दक्षिण ध्रुवाकडे होती. त्या अखंड भूमीला जगाने दिलेले ‘गोंडवन’ हे नाव गोंडांच्या प्रदेशावरून आले, आणि चांदा ही गोंड राजांची राजधानी!

बर्फ ओसरल्यावर तेथे अरण्ये वाढली, गाडली गेली, त्यांचा कोळसा झाला. वर्धा खोऱ्यातील खाणी तोच उपसतात. त्या कोळशाच्या टनाटनाचा हिशेब राहतो. त्याखालच्या ओरखड्यांचा कोणी ठेवायचा? शिलालेख सापडला की आपण त्याला कुंपण घालतो. इरईच्या शिळेवर अक्षरे नाहीत, एवढ्यावरून तिचा मान कमी ठरू नये. तेथे मराठीत एक स्पष्ट फलक असावा, शालेय भूगोलात एक परिच्छेद असावा, आणि सोलापूरच्या मुलांची एखादी सहल तिकडेही जावी.