मापाने शिवलेला दिवस

‘सहल तुमची, तुमच्या मनासारखी’ अशा धर्तीचे वाक्य आता परदेश प्रवासाच्या बहुतेक माहितीपत्रकांत आढळते. पन्नास माणसांच्या बसमध्ये बसून, झेंडीमागे धावत शहरे उरकण्याचा आपल्या मध्यमवर्गाला कंटाळा आला, हे बरेच झाले. जपानमधल्या क्योटोसारख्या पुराण्या शहरात एका कुटुंबापुरता स्वतंत्र गाईड दिवसभरासाठी मिळतो. कुठे जायचे, किती चालायचे, कुठे जेवायचे, सारे आपण सांगायचे. तयार कपड्यांच्या दुकानातून उठून शिंप्याकडे जावे, तसाच हा प्रकार. माझे म्हणणे एवढेच, की शिंप्याने माप आपले घ्यावे. पण कापड कसे बेतायचे, हे आपण त्याला शिकवू नये.

कारण आपली यादी तयार होते ती छायाचित्रांवरून. फुशिमी इनारीच्या शेंदरी कमानी, सोनेरी किंकाकुजी, आराशियामाचे बांबूचे बन, कियोमिझूचा लाकडी सज्जा, संध्याकाळी गिओन, आणि जमल्यास शेजारचे नारा! कागदावर सगळे मावते. पण फुशिमी शहराच्या दक्षिणेला, आराशियामा पार पश्चिमेच्या टोकाला, किंकाकुजी वायव्येला आणि कियोमिझू पूर्वेच्या डोंगरात. माझ्या एका स्नेह्यांनी क्योटोच्या एका दिवसात अशी नऊ ठिकाणे बसवून घेतली. परत आल्यावर काय आवडले म्हणून विचारले, तर म्हणाले, “गाडी फार स्वच्छ होती हो!” बिचाऱ्यांचा दिवस गाडीतच गेला होता.

यादीत सहसा नसते, ते सान्जुसान्गेन्दो. आत छायाचित्रे काढायला मनाई, म्हणून त्याची चित्रे फारशी फिरत नाहीत. १२६६ साली पुन्हा बांधलेली, सुमारे १२० मीटर लांबीची ही लाकडी वास्तू. आत कान्नोनच्या १,००१ मूर्ती आहेत. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हाती कमळ घेऊन उभा आहे, तोच. त्याच्या राखणीला २८ देवता आहेत. त्यांत ब्रह्मा आहे, इंद्र आहे आणि चक्क बासरी वाजवणारा गरुड आहे. मराठी कुटुंबाला इथे घेऊन जायचे, हे जाणत्या गाईडला सुचते. आपल्याला सुचणार नाही, कारण हे तिथे आहे हेच आपल्याला ठाऊक नसते. जे ठाऊक नाही, ते मागणार कसे?

यादीतल्या जागांचेही तसेच. किंकाकुजीचे आजचे सोनेरी मंदिर १९५५ सालचे आहे. जुने मंदिर १९५० मध्ये तिथल्याच एका तरुण भिक्षूने जाळले, आणि त्या घटनेवर युकिओ मिशिमाने १९५६ साली कादंबरी लिहिली. हे कळल्यावर तळ्यातले प्रतिबिंब वेगळेच दिसू लागते. फुशिमीच्या कमानी चढताना नुसत्या शेंदरी दिसतात. मागे वळून पाहावे, तर प्रत्येकीच्या पाठीवर देणगीदाराचे नाव आणि तारीख. इनारी हा भाताचा आणि व्यापाराचाही देव, त्यामुळे त्यांत दुकाने आणि कंपन्या पुष्कळ. माझे आयुष्य बँकेत गेले. मला तो सारा डोंगर एखाद्या जुन्या खातेवहीसारखा वाटला. मात्र ती वाचून दाखवणारे कुणी बरोबर हवे.

यावर कुणी म्हणेल, पैसे आमचे, मग मर्जी आमची का नको? जरूर हवी, पण मापापुरती. गुडघे किती पायऱ्या चढतील, दुपारी आजोबांना किती वेळ टेकायला लागेल, नातवंडे किती वेळ गप्प बसतील, हे आधी सांगावेच. शाकाहारी असाल तर निक्षून सांगावे, कारण तिथल्या साध्या दिसणाऱ्या सारातही बहुधा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. बौद्ध मठांच्या परंपरेतले ‘शोजिन’ जेवण क्योटोत मिळते. गाईड तिकडे नेईल.

आणि मर्जीची दुसरी बाजू आहे ती शहराची. ७९४ पासून हजारांहून अधिक वर्षे ही जपानची राजधानी होती. १९४५ साली अणुबॉम्बच्या लक्ष्यांत तिचे नाव होते. अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांनी आग्रहाने ते काढायला लावले, म्हणून ती वाचली. आता तिच्यावर पाहुण्यांचाच भार झाला आहे. रहिवाशांना बसमध्ये पाय ठेवायला जागा उरेना, म्हणून फक्त शहर बसचा दिवसभराचा पास २०२३ च्या सप्टेंबरअखेर विकायचा बंद झाला. गिओनमध्ये कामावर निघालेल्या गेईको आणि माईको यांच्या मागे लोक कॅमेरे घेऊन धावू लागले, तेव्हा २०२४ मध्ये तिथल्या खाजगी गल्ल्या पर्यटकांना बंद करून १०,००० येन दंडाच्या पाट्या लागल्या. आपल्या वाड्याच्या दिंडीत रोज शंभर अनोळखी माणसे डोकावू लागली, तर आपण तरी काय केले असते?

अशा वेळी ‘चला, दाखवतो’ म्हणणाऱ्या गाईडपेक्षा ‘तिथे नको’ म्हणणारा गाईड मला मोलाचा वाटतो. ग्राहक नाराज होईल या भीतीने जो प्रत्येक गोष्टीला मान डोलावतो, तो आपल्याला आपलीच यादी परत विकत असतो. परदेशी भाषेत पैसे घेऊन वाट दाखवायला जपानमध्ये १९४९ च्या कायद्याने परवाना लागत असे. जानेवारी २०१८ पासून ती अट गेली. हे काम आता कुणीही करू शकतो. मात्र परीक्षा उत्तीर्ण झालेले परवानाधारक गाईड आजही आहेत. तेव्हा दिवस ठरवताना तेवढे विचारून घ्यावे. मग आपल्या दोन जागा सांगाव्यात, तब्येतीचे आणि जेवणाचे सांगावे, आणि खाली एक ओळ लिहावी: बाकीचा दिवस तुम्ही ठरवा. चांगल्या गाईडला याहून मोठी बिदागी नाही, आणि आपल्यालाही घरी बसून कल्पिलेल्या क्योटोपेक्षा निराळे, खरे क्योटो भेटण्याची शक्यता त्याच ओळीत आहे.