मुलांचे खेळ आणि ऋतुमान

जून महिना लागला, शाळा उघडल्या, छत्र्या व वह्या यांची खरेदी उरकली, म्हणजे सुशिक्षित घरांतून आणखी एका गोष्टीचा विचार सुरू होतो : यंदा मुलाला कोणत्या खेळास घालावें? पूर्वीं हा प्रश्न आमच्या घरांतून फारसा कोणी विचारीत नसे. दिवेलागणीच्या आंत घरीं येऊन परवचा म्हणावा, एवढी एकच अट असे. त्यापूर्वीं मूल आळींत काय खेळतें, याची चौकशी वडील मंडळी करीत नसत. आज आईबाप मुलाच्या खेळाकडे लक्ष देतात, त्यावर पैसा खर्चितात, संध्याकाळीं त्याला मैदानावर पोंचवितात, ही गोष्ट निःसंशय अभिनंदनीय आहे. परंतु या लक्षाचाही एक अतिरेक आतां दिसूं लागला आहे, व त्याविषयीं या महिन्यांत वाचकांशीं चार शब्द बोलावे असें आम्हांस वाटतें.

तो अतिरेक असा. सातव्या वर्षीं मुलाचा खेळ ठरतो, ठरवितात आईबाप, आणि एकदां ठरला, कीं श्रावण असो वा वैशाख, आठवड्यांतून पांच दिवस तोच खेळ. वर्गाची फी वर्षाची भरलेली असते, तेव्हां मध्येंच सोडण्याची सोय नाहीं. पूर्वीं खेळ हा अभ्यासाचा शत्रु समजला जाई. आतां तो आणखी एक अभ्यास होऊन बसला आहे. आमच्या माहितींतील एक आठ वर्षांचा मुलगा क्रिकेटच्या वर्गाची वेळ झाली, म्हणजे आपला एक बूट लपवून ठेवी. घरच्यांनीं त्याला आळशी ठरविलें. परंतु वर्ग नसेल त्या दिवशीं तोच मुलगा खालच्या अंगणांत अंधार पडेपर्यंत लगोऱ्या खेळे! त्याला खेळण्याचा कंटाळा नव्हता. खेळाच्या निवडींत त्याला कोणी वांटा दिला नव्हता, इतकेंच. अशीं मुलें पुढें बाराव्या-तेराव्या वर्षीं तो खेळ सोडतात, व पुष्कळदां त्याबरोबर खेळणेंच सोडतात. ही हानि लहान नव्हे.

बारमाही एकच खेळ शरीरासही मानवत नाहीं. वाढत्या वयांत हाडांचा वाढीचा भाग कूर्चेचा, म्हणून नाजूक असतो. एकच हालचाल रोज पुनःपुन्हा झाली, म्हणजे त्याच जागीं ताण पडत राहतो. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें २०१६ सालीं काढलेल्या अहवालांत सुचविलें आहे, कीं बहुतेक खेळांच्या बाबतींत एकाच खेळाला वाहून घेणें पंधरा-सोळा वर्षांच्या वयापर्यंत लांबणीवर टाकावें. आठवड्यांतून एकदोन दिवस विसांवा घ्यावा. आणि वर्षांतून एकंदर तीन महिने, एकेक महिन्याच्या हप्त्यानें कां होईना, आपला मुख्य खेळ बाजूस ठेवावा. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानें तर कोवळ्या वयाच्या वेगवान गोलंदाजांनीं एका दिवसांत किती षटकें टाकावीं, याची वयपरत्वें मर्यादाच घालून दिली आहे.

ऋतु पालटला, कीं श्रमही पालटावे, हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. वाग्भटानें अष्टांगहृदयांत ऋतुचर्येस स्वतंत्र अध्याय दिला आहे. दिनचर्येच्या अध्यायांत व्यायामाविषयीं लिहितांना तो सांगतो, कीं बलवान् मनुष्यानेंही थंडीच्या दिवसांत व वसंतांत अर्ध्या शक्तीनें, आणि इतर ऋतूंत त्याहूनही बेतानें व्यायाम करावा. त्याच ठिकाणीं त्यानें बालांस व्यायाम वर्ज्य म्हटला आहे. त्याचा आधार घेऊन कोणी मुलाला घरांत बसवूं म्हणेल, तर तें योग्य होणार नाहीं. पांच ते सतरा वर्षांच्या मुलांनीं रोज सरासरी साठ मिनिटें तरी अंगमेहनतीची हालचाल करावी, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलें आहे. आम्ही त्या वचनाचा अर्थ इतकाच घेतों, कीं मोजून-मापून लादलेले श्रम हे मुलांसाठीं नव्हेत. आपखुशीची क्रीडा मात्र त्यांचा हक्क आहे.

आतां प्रत्यक्ष रीतीकडे वळूं. आमच्या मतें वर्षाचे तीन भाग करावे : जूनपासून दिवाळीपर्यंत पावसाळा, दिवाळीपासून होळीपर्यंत हिंवाळा, आणि होळीपासून शाळा उघडेपर्यंत उन्हाळा. प्रत्येक भागाच्या आरंभीं आईबापांनीं अंतर, खर्च, शिक्षकाचा स्वभाव व ऋतु हीं पाहून दोन किंवा तीन खेळ पुढें ठेवावे, व त्यांतून एक मुलानें निवडावा. पर्याय ठरविणें हें वडिलांचें काम, निवड ही मुलाची. शिकवणीचा खेळ एका वेळीं एकच असावा. बाकीचा वेळ आळींतील मोकळ्या खेळांस द्यावा. सहा वर्षांच्या आंतील मुलास तर शिकवणीचा खेळ नकोच. धावणें, उड्या मारणें, चेंडू फेंकणें व झेलणें एवढें त्यास पुरे.

पावसाळ्यांत छपराखालचे खेळ सोयीचे. बॅडमिंटन, टेबल टेनिस यांबरोबर मल्लखांबाचा विचार अवश्य व्हावा. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेल्या बाळंभटदादा देवधरांनीं ऊर्जितावस्थेस आणलेली ही विद्या दंड, पोट व पाठ यांस जें बळ देते, तें नुसत्या धांवण्याच्या खेळांनीं येत नाहीं. आणि दोरीचा मल्लखांब मुली उत्तम करतात. बुद्धिबळ फावल्या वेळीं जरूर खेळावें, परंतु तें अंगमेहनतीच्या जागीं धरूं नये. रिमझिम पावसांत चिखलांतली कबड्डी किंवा फुटबॉल खेळण्यास आमची हरकत नाहीं. मात्र गडगडाट ऐकूं आला, कीं मैदान सोडून पक्क्या छपराखालीं यावें, हा नियम मुलाच्या अंगवळणीं पाडावा. श्रावणांतील मंगळागौरीच्या फुगड्या व झिम्मा यांस हंसूं नये. अर्धा तास घालून पाहावें, म्हणजे त्यांतील श्रम ध्यानांत येतील.

हिंवाळा हा मैदानाचा ऋतु. क्रिकेट आहेच, पण खोखो व कबड्डी हे पर्याय पुष्कळ घरांत पुढें ठेवलेच जात नाहींत, हें आम्हांस खटकतें. खोखोस दोन खांब व मोकळी जमीन पुरते. आठ गडी आळीपाळीनें उलटसुलट तोंडें करून बसतात, नववा पाठलाग करतो. आणि दमलेल्यानें खो देतांच बसलेल्यानें क्षणाचाही विलंब न लावतां त्याचें काम आपल्याकडे घ्यावयाचें असतें. संघवृत्तीचें याहून सोपें शिक्षण आम्हांस ठाऊक नाहीं. हा गांवठी खेळ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनीं लक्षांत घ्यावें, कीं जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस खोखोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तींत पुरुष व महिला हे भारताचे दोन्ही संघ विजयी झाले, आणि त्यांचे कर्णधार प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हीं दोघेंही महाराष्ट्राचीं होतीं. मुलगी वयांत येऊं लागली, कीं तिचा खेळ आपोआप सुटावा, अशी जी मूक समजूत अजून कांहीं घरांत आहे, तिलाही यांत उत्तर आहे. संक्रांतीस पतंग उडवावे. मात्र नायलॉनचा मांजा घरांत येऊं देऊं नये. त्यानें पक्ष्यांचे पंख व माणसांचे गळे कापले जातात, आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१७ सालींच त्यावर देशभर बंदी घातली आहे.

उन्हाळ्यांत पोहणें सर्वोत्तम. तेंही सकाळीं लवकर, जाणत्या शिक्षकाच्या नजरेखालीं. विहिरीवर व नदीवर मुलांना एकटें सोडूं नये. आणि या ऋतूंतील निदान एक पुरा महिना कोणत्याही वर्गावांचून जावा. आजोळीं विटीदांडू, सूरपारंब्या, आंब्याच्या झाडावर चढणें हें चालूं द्यावें. तो महिना फुकट गेला असें समजूं नये. त्यांतच मुलाचा थकवा निघतो व पुढील खेळाची भूक लागते.

मुलाला विचारावें कसें, हाही एक प्रश्नच आहे. “तुला कोणता खेळ आवडतो?” असें सहा-सात वर्षांच्या मुलास विचारलें, तर तें टीव्हीवर काल पाहिलेला खेळ सांगेल. त्यापेक्षां दोन्ही ठिकाणीं दोन-दोन संध्याकाळ नुसतें पाहावयास न्यावें, व मग “या दोहोंपैकीं कोणता?” असें विचारावें. “तेथें माझा मित्र आहे,” हें उत्तर आलें, तर तें कच्चें मानूं नये. त्या वयांत सोबतीइतकें बळकट कारण दुसरें नसतें. निवड झाली, कीं करार करावा : ऋतु संपेपर्यंत सोडावयाचा नाहीं, ऋतु संपल्यावर सोडलास, तर आम्ही एक शब्द बोलणार नाहीं. यांतील पूर्वार्ध मुलास जड जातो, उत्तरार्ध आईबापांस! परंतु दोन्ही पाळले गेले, तरच मुलास आपल्या शब्दाची किंमत कळते. अंग दुखूं लागलें, भीति बसली किंवा शिक्षक अपमान करूं लागला, तर मात्र करार त्याच दिवशीं मोडावा.

आपली अपुरी राहिलेली हौस मुलाकडून भागविण्याचा मोह वडिलांनीं टाळावा. पी. व्ही. सिंधूचे आईवडील दोघेही व्हॉलीबॉल खेळणारे. वडील रमणा १९८६ च्या सोल येथील आशियाई स्पर्धेंत कांस्यपदक मिळविणाऱ्या संघांत होते. मुलीनें बॅडमिंटन धरलें, घरानें तिला धरूं दिलें, आणि २०१६ सालीं रिओला रौप्य व २०२१ सालीं टोकियोस कांस्य अशीं दोन ऑलिंपिक पदकें तिनें आणलीं. सचिन तेंडुलकर यांस लहानपणीं टेनिसचें व जॉन मॅकेन्रोचें वेड होतें. थोरले बंधु अजित यांनीं त्यांस शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांकडे नेलें तें १९८४ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं. तोंवरचें टेनिस त्यांच्या आड आलें नाहीं.

“पण अभ्यासाचें काय?” हा आमच्या घरांतील कायमचा प्रश्न. त्यास आम्ही एकच नांव सांगतों. प्रा. दि. ब. देवधर पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत संस्कृत शिकवीत, आणि त्यांच्याच नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० व १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक जिंकला. त्या वेळीं त्यांचें वय अठ्ठेचाळीसच्या घरांत होतें. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मैदानांत उतरण्याची उमेद आपल्या मुलांत राहावी, असें कोणत्या आईबापांस वाटणार नाहीं?

शंभरांतील एकादेंच मूल पदक मिळवील; उरलेल्यांनीं जन्मभर खेळत राहावें, हीच खरी कमाई. तेव्हां या ऋतूच्या आरंभीं वर्षाची फी भरण्यापूर्वीं एके संध्याकाळीं मुलाला जवळ बसवावें, दोन-तीन खेळांचीं नांवें त्याच्यापुढें ठेवावीं, आणि त्यानें उत्तर देईपर्यंत आपण मध्यें बोलूं नये.