एका यार्डाचा निवाडा

१ फेब्रुवारी २०१५. अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, सुपर बोल. सिॲटल सीहॉक्स २४-२८ असे पिछाडीवर; गोलरेषा एका यार्डावर, वेळ २६ सेकंद. प्रशिक्षक पीट कॅरोल यांच्या संघाने धिप्पाड मार्शॉन लिंचकडे चेंडू न सोपवता पास दिला. न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलरने तो मध्येच झेलला. चाहते आजही त्या निर्णयाला मूर्खपणा म्हणतात.

परंतु सीहॉक्सकडे एकच टाइमआउट उरला होता. पास नुसता वाया गेला असता, तरी घड्याळ थांबून आणखी दोन संधी मिळाल्या असत्या. धाव अडली असती, तर तो टाइमआउट खर्ची पडला असता.

निर्णय चुकला की फसला, हा भेद इतिहासाच्या वाचकानेही जपावा. शेवट ठाऊक असणे म्हणजे न्यायबुद्धी नव्हे.