पाणी तोडू नका : हजला निघालेल्या ज्येष्ठांसाठी



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वालीव येथील माझ्या दवाखान्यात एक वृद्ध दांपत्य हजच्या अर्जासोबतच्या वैद्यकीय प्रमाणपत्रासाठी आले. चाचांचे वय ६८. येथल्याच औद्योगिक वसाहतीतील एका गाळ्यात त्यांनी उभे आयुष्य काढले आणि पै-पै जोडून यात्रेची रक्कम उभी केली. मधुमेह व रक्तदाब हे जुने सोबती. तपासले, तर रक्तदाब १७०/१०० आणि दोन्ही पावलांवर सूज. मी कारण विचारले. चाचा गप्प राहिले, चाची बोलल्या, "डॉक्टरसाहेब, यांनी लघवीची गोळी बंद केली आहे. पाणीही दिवसाला दोनच पेले. तिकडे संडासाला मोठी रांग असते, म्हणून आतापासून सवय करत आहेत."

चाचांची अडचण खोटी नव्हती. मीना, अराफात, मुजदलिफा येथे लाखोंच्या गर्दीत रांगेत तिष्ठणे वृद्धांना खरोखर जड जाते. ती लाजेची बाब असल्याने कोणी बोलत नाही. परंतु त्यावर त्यांनी शोधलेला उपाय जिवावर बेतणारा होता, आणि तो करणारे ते एकटेच नसतात.

जून २०२४ मध्ये हजच्या दिवसांत मक्केचा पारा ५१ अंशांच्या वर गेला. त्या यात्रेत १,३०१ जण मृत्युमुखी पडल्याचे सौदी सरकारने जाहीर केले. त्यांतील बहुसंख्य लोक परवान्याविना आलेले आणि निवाऱ्यावाचून उन्हात दूरवर चाललेले होते. म्हणूनच अधिकृत मार्गाने जाणे हीदेखील आरोग्याचीच काळजी आहे.

आपण वसईकर उकाड्याला सरावलेले आहोत, असे आपल्याला वाटते. येथे हवा दमट. घाम अंगावरून ओघळतो, सदरा भिजतो आणि आपण आपसूक पाणी मागतो. मक्केची हवा कोरडी. तेथे घाम निघता निघताच उडून जातो. अंग कोरडे राहते आणि शरीरातले पाणी किती गेले, हे कळतच नाही. त्यात उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. म्हणून तहान लागण्याची वाट पाहू नये. दर अर्ध्या तासाने थोडे थोडे पाणी प्यावे. लघवीचा रंग फिकट असेल तर पाणी पुरेसे आहे. गडद पिवळा झाला तर कमी पडते आहे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

लघवीची गोळी स्वतःहून बंद करू नये, तशीच ती विचारल्यावाचून पूर्वीच्याच मात्रेत सुरूही ठेवू नये. तीव्र उन्हात मात्रा वा वेळ बदलावी लागते. यासाठी निघण्यापूर्वी दोन-तीन महिने डॉक्टरांना भेटावे आणि काहीही लपवू नये. प्रमाणपत्र नाकारले जाईल या भीतीने छातीतले दुखणे दडवणारे रुग्ण मी पाहिले आहेत. वेळीच सांगितलेल्या दुखण्यावर बहुधा उपाय निघतो.

मेंदुज्वराची लस मक्केत पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी. सन २००० च्या हजनंतर हा आजार यात्रेकरूंसोबत अनेक देशांत पोहोचला होता. ज्येष्ठांनी फ्लूची लसही घ्यावी. औषधे संपूर्ण मुक्कामाला पुरतील इतकी, चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवावीत. इन्सुलिन थंड पिशवीत असावे, पण बर्फाला चिकटून नको. मधुमेहींनी तापलेल्या जमिनीवर अनवाणी चालू नये. पायाची संवेदना गेलेली असेल तर भाजल्याचे कळत नाही. म्हणून रोज रात्री तळवे पाहावेत.

इहरामात पुरुषांना टोपी घालता येत नाही, पण छत्री चालते. ती अवश्य न्यावी. अशक्तांच्या वतीने दुसऱ्याने खडे मारण्याची सवलत धर्मातच आहे. त्याविषयी आपल्या मौलानांना आधीच विचारावे. सवलत घेण्यात कमीपणा नाही.

सोबत जाणाऱ्यांना एक विनंती. वृद्ध माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, अंग तापले, तर तो थकवा समजू नका. तो उष्माघात असू शकतो. त्याला तत्काळ सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा व जांघेत बर्फ ठेवा आणि वैद्यकीय पथकाला बोलवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी येथे उपयोगी पडत नाही.

चाचांच्या गोळ्या मी बदलून दिल्या. सूज उतरल्यावर प्रमाणपत्रावर सही केली. पाण्याचे वेळापत्रक चाचींच्या हाती सोपवले. रांगेची धास्ती होती, म्हणून प्रौढांसाठीचे डायपर सुचवले. चाचा आधी रागावले, मग मुकाट्याने घेऊन गेले. परतल्यावर खजुराची पुडी माझ्या टेबलावर ठेवत ते हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पाणी तोडले नाही."

आपल्या घरातून कोणी निघणार असेल, तर त्यांच्याशी या लाजेच्या गोष्टीविषयी आजच बोला.